तिसऱ्या वाटीचा रंग

रंगांच्या बाबतीत मला हरवणारं माणूस अजून जन्माला यायचंय! घरं रंगवणं हा माझा धंदा. तुमच्या मनात कुठला रंग आहे हे तुम्हाला कळायच्या आधी मी तो डब्यात ढवळून तयार ठेवतो. म्हणूनच बायकोला छातीठोकपणे म्हणालो, "भिंगरीच्या जेवणाचं माझ्यावर सोड. तू बिनघोर कामावर जा!"

भिंगरी म्हणजे आमची दहा महिन्यांची लेक. बायको बस चालवते. तिची रजा सोमवारी संपत होती. आणि भिंगरी दुधाशिवाय कशालाही तोंड लावेना! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. ताटलीत रंग दिसू देत. भाज्या, फळं, डाळ, अंडं. मऊ शिजवा, पण गंधासारखं वाटत बसू नका. मीठ-साखर नको, आणि मध तर वर्षाच्या आत बिलकूल नको."

"पोर उपाशी असताना माझं लक्ष रस्त्यावर कसं राहील?" बायको म्हणाली. "आणि आता रजा वाढवून मिळायची नाही. तिनं खाल्लं नाही, तर मी नोकरीच सोडते."

असं म्हणताना ती खिडकीतून खालून जाणाऱ्या बसकडे बघत होती. माहेरच्या माणसाकडे बघावं तशी.

"अगं, डॉक्टरीणबाई रंग म्हणाल्या ना? मग झालं तर!"

शनिवारी ती स्टिअरिंगवर पुन्हा हात बसवायला डेपोत गेली आणि मी कंबर कसली. केळं कुस्करलं. वाटाणे उकडून ठेचले. भोपळा नि गाजर एकत्र शिजवलं, बीट किसून वाफवलं. नमुन्यांसाठी आणलेल्या कोऱ्या वाट्या घासून घेतल्या, त्यांत एकेक रंग भरला. मग सवयीचा हात गप्प बसेना! फिक्याकडून गडदाकडे ओळ लावली, झाकणं घातली, आणि प्रत्येक झाकणावर आतल्या मालाचा एकेक ठिपका दिला. आमच्या धंद्यात बंद डबा असाच ओळखतात.

केळ्याच्या वाटीपासून सुरुवात केली. भिंगरीनं मान फिरवली. वाटाणा पुढे केला नि गाणंही रचलं:

"हिरवा गं वाटाणा, घरंगळत आला,
भिंगरीबाईच्या गं, दारी उभा ऱ्हायला!"

दार काही उघडेना! ओठ असे मिटलेले, जणू सुट्टीच्या दिवशीचं दुकानाचं शटर. मी सूर चढवला, तिनं फुर्र केलं. वाटाणा माझ्या भुवयांवर! वाट्या झाकून खिडकीत ठेवल्या आणि दोघांची तोंडं धुवायला गेलो.

परत येतो तो खिडकी रिकामी!

मी कपाळावर हात मारला. कारण खिडकीतल्या वाट्या उचलणारं घरात एकच माणूस. सासरेबुवा! रंगकामात ते माझे गुरू. डोळा अजून तल्लख, पण नाक चाळीस वर्षं टर्पेंटाइन हुंगून केव्हाच रिटायर झालेलं. आणि वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंना आज हॉलच्या रंगाचे नमुने दाखवायचे होते!

भिंगरीला कडेवर घेतलं नि जिना चढलो. हेडबाईंच्या पांढऱ्या भिंतीवर तीन ऐसपैस पट्टे. केळं, वाटाणा, भोपळा-गाजर.

"जावईबापू, माल जरा घट्ट झालाय हं," सासरे कोरा ब्रश झटकत म्हणाले. "मी पाणी घातलं थोडं."

"बाबा, अहो ती भाजी आहे!"

"हल्ली रंगांना काहीही नावं देतात."

"गप्प बसा दोघंही!" हेडबाई कडाडल्या. शाळा सुटली तरी आवाज सुटला नव्हता. "हा तिसरा! घरात ऊन पडल्यासारखं वाटतंय. हाच द्या मला!"

"बाई, तो भोपळा..."

"भोपळा मी पुष्कळांना दिलाय. आज मला घेऊ द्या!"

एवढ्यात माझ्या कानाशी मचमच ऐकू आलं. टेबलावर चौथी वाटी होती, बिटाची. तिच्यावर ब्रश फिरायचा राहिला होता. भिंगरीनं कडेवरून वाकून तिच्यात मूठ घातली होती. मूठ तोंडात, पुन्हा वाटीत, पुन्हा तोंडात! चमच्याला जिनं शटर ओढलं, तिनं स्वतःच्या हाताला सताड दार उघडलं. हेडबाईंनी हळूच वाटी तिच्याजवळ सरकवली.

"अगं बाई! रक्त!"

दारात बायको. घर उघडं टाकलेलं, वर आरडाओरडा, आणि पुढ्यात गालापासून कोपरापर्यंत लालभडक लेक!

"बीट! बीट आहे ते!" आम्ही तिघं एका सुरात ओरडलो.

बायको जवळ आली. भिंगरीनं तिच्याकडे बघितलं, आणि मुठीतला उरलेला घास आईच्या तोंडात कोंबला. बायकोनं तो डोळे मिटून खाल्ला. "अळणी आहे गं," एवढंच म्हणाली, आणि डोळे पदरालाच काय, पोरीच्या बिटाळ हातालाही पुसले.

सोमवारी ती बस घेऊन आमच्या खिडकीखालून गेली. हॉर्न जरा जास्तच लांब वाजवला!

हेडबाईंची भिंत मात्र अजून पांढरीच आहे. ते पट्टे दुसऱ्या दिवशी काळवंडले, मुंग्या लागल्या, पुसावे लागले. पण बाई हट्टाला पेटल्यात, "तोच रंग हवा! आधी वाटी समोर ठेवा, मग जुळवा." मी रोज भोपळा-गाजर शिजवतो, नमुन्याची वाटी घेतो, भिंगरीला कडेवर घेतो नि जिना चढतो. बाईंच्या दारात पोचेपर्यंत वाटी चाटूनपुसून लख्ख!

तेव्हा सुरुवातीचं ते वाक्य तेवढं मागे घेतो. रंगांच्या बाबतीत मला हरवणारं माणूस जन्माला आलंय. त्याला चार दात आहेत!