अकरा जणांची समिती आणि एकोणीस पिल्लं

एका जंगलात राजा नव्हता. दचकलात ना? पूर्वी होता, पण पुढे जंगल सुधारलं आणि तिथं सभा आली. सभेत अध्यक्ष आले, मंत्री आले, घंटा आली, चहा आला. सिंह आता मागच्या बाकावर बसून जांभया देतो. त्याच्याकडे बघू नका, आपल्या गोष्टीत त्याला काही काम नाही.

ए मागच्या, बोट तोंडातून काढ आणि ऐक.

या सभेत प्रश्न विचारायची एक रीत होती. उठून सरळ "असं का केलंत?" म्हणायचं नाही. प्रश्न पानावर लिहून द्यायचा आणि शेवटी "हे खरे आहे काय?" असं विचारायचं. त्याच्याखाली "असल्यास" म्हणून पुढचा प्रश्न, त्याच्याखाली "नसल्यास" म्हणून आणखी एक. "नसल्यास" विसरलात तर पान परत. एका सशाचं पान तीन वर्षं परत येत होतं. चौथ्या वर्षी त्याने ते खाऊन टाकलं.

शिक्षणमंत्री होते खडकोजीराव. हे घोरपड. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. खडकोजीराव तीन सरकारांपासून एकाच खुर्चीला चिकटले होते. दर नव्या सरकारात खुर्चीला रंग द्यायचे, तो त्यांच्यासकट द्यायचे.

तर या खडकोजीरावांनी धोरण आणलं. ज्या शाळेच्या पटावर विसापेक्षा कमी पिल्लं, ती शाळा बंद. वीसच का? तर त्यांच्या चार पंजांना मिळून वीस नखं. त्यापुढचं मोजता येत नव्हतं आणि त्याआधी थांबणं मंत्र्याला शोभत नव्हतं. आणि हो, 'बंद' म्हणायचं नाही हं. 'समायोजन' म्हणायचं. बंद म्हटलं की पिल्लांना रडू येतं. समायोजन म्हटलं की त्यांना काही कळतच नाही, मग रडणार कशाला?

नदीच्या पलीकडच्या काठावर, खडकाच्या कपारीत एक शाळा होती. तिच्या पटावर पिल्लं किती? एकोणीस. आता बोला. शिकवायला होते साळिंदर गुरुजी. अंगभर काटे, म्हणून लेखणीसाठी त्यांनी सरकारकडे कधी हात पसरला नाही. सहा वर्षांत शाळेला एकदाच अनुदान मिळालं, तेही टप्प्याटप्प्यानं. पहिल्या टप्प्यात अर्धा फळा आला. उरलेला अर्धा दुसऱ्या टप्प्यात येणार होता. तोवर गुरुजी फळ्यावर नुसती गणितं घालायचे, कारण उत्तराला जागा नव्हती.

अधिवेशन संपलं की या शाळेला कुलूप लागणार होतं. पिल्लांनी मग नदी ओलांडून अलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. आणि नदीत होती मगर. मगर स्वभावानं वाईट नव्हती. तिला फक्त भूक लागायची.

पलीकडच्या काठावरून सभेत निवडून आली होती टिटवी, रेवूबाई. त्या एकोणीस पिल्लांत चार तिची. अजून नीट उडताही न येणारी. तिने रीतसर पान लिहून दिलं. नदीत मगर आहे, हे खरे आहे काय? खडकोजीराव खुर्चीतूनच म्हणाले की अंशतः खरे आहे, कारण दुपारी मगर अर्धी काठावर असते. सभेने बाकं वाजवली. रेवूबाईने विचारलं की मग पिल्लं तिच्या तोंडासमोरून जाणार काय. ते म्हणाले की मगरीचं तोंड जलसंपदा खात्याकडे येतं. सभेने पुन्हा बाकं वाजवली. रानडुकरांनी तर एक बाक मोडलं.

मग रेवूबाईने हातातलं पान खाली ठेवलं.

"अध्यक्ष महोदय, त्यात माझी चार पिल्लं आहेत," ती म्हणाली. "असल्यास-नसल्यास मला आता काही सुचत नाही. शाळा बंद करू नका, एवढंच."

अध्यक्ष होते गवोबा गवा. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, त्या आवाजाने दोन सदस्य जागे झाले. या सभेला गहिवरून आलं की ती एकच गोष्ट करत असे. ती समिती नेमत असे. अकरा जणांची समिती नेमली गेली. पाच अस्वलं, चार रानडुकरं, एक सांबर आणि अध्यक्षस्थानी रानरेडा. त्यांनी शाळेत जाऊन स्थळपाहणी करायची, आणि शाळा ठेवावी की न ठेवावी ते सांगायचं.

आता नीट ऐका हं, गंमत इथंच आहे. समितीला रोजचा भत्ता होता, टोपलीभर मोहाची फुलं. पण रीत अशी की भत्ता हवा तर जिथं पाहणी तिथल्याच हजेरीपटावर रोज सही करायची. आणि त्या कपारीत हजेरीपट होता एकच, शाळेचा. मग काय, एकोणिसाव्या नंबरवर मुंगसाची चिंगी, तिच्याखाली विसाव्या नंबरवर अस्वल, आणि असं करत करत तिसाव्या नंबरवर खुद्द रानरेडा. रानरेड्याला सही येत नव्हती, त्याने खूर उमटवला. गुरुजींनी त्याला शाबास म्हटलं, सवयच ती.

महिना संपल्यावर पट सरकारात गेला. खडकोजीराव नखांवर मोजू लागले. वीस झाल्यावर नखं संपली. त्यांनी मोजणं सोडलं आणि सही केली. शाळा वाचली. रेवूबाई आनंदाने इतकी ओरडली की मगरसुद्धा पूर्ण पाण्यात गेली. गुरुजींनी त्या दिवशी पाढे माफ केले. तुम्ही लगेच आशेने बघू नका, तुमचे माफ नाहीत.

पण बाळांनो, पाच अस्वलं कपारीत बसली की काय होतं? पहिल्या दिवशी पिल्लं मागे सरकली. दुसऱ्या दिवशी दारात आली. तिसऱ्या दिवशी बाहेर उंबराखाली. समितीचा अहवाल काही होईना. होईल कसा, झाला की मोहाची फुलं बंद. समितीने मुदतवाढ मागितली, मग मुदतवाढीला मुदतवाढ मागितली. फुलांचा अंमल चढला की आतून अस्वलांच्या गाण्याचा आवाज यायचा.

एक मात्र बरं झालं. सरकारचे कागद शाळेच्या पत्त्यावर यायचे ते आता आतच राहू लागले. मुंग्यांची शिरगणती करा, खिचडीचे दाणे मोजून कळवा, कोणतं पिल्लू किती वेळा हसलं त्याचा तक्ता पाठवा. हे सगळं समितीने भरलं. हसण्याच्या तक्त्यात तिने स्वतःचं नाव घातलं. साळिंदर गुरुजींचे दोन्ही हात सहा वर्षांत पहिल्यांदाच मोकळे झाले. त्यांनी पिल्लांना नदीकाठच्या वाळूत अक्षरं गिरवायला लावली. वाळू भरपूर होती, तिला टप्पे नव्हते. दोन महिन्यांत एकोणीसच्या एकोणीस पिल्लं घडाघडा वाचू लागली.

तरी ऊन ते ऊनच. रेवूबाईचं धाकटं पिल्लू उन्हाने आजारी पडलं. तिने पुन्हा पान लिहिलं, या वेळी सगळं रीतीनं. पिल्लं शाळेबाहेर उन्हात बसतात, हे खरे आहे काय? असल्यास, त्यांना आत केव्हा घेणार? नसल्यास, कारणे काय?

पळसाच्या पानावर छापील उत्तर आलं. ते हातात धरून रेवूबाई उंबराखाली बसून राहिली. तिच्याने मोठ्याने वाचवेना. तेव्हा चिंगीने ते पान घेतलं आणि वाचलं.

"हे खरे नाही. सदर शाळेत हजेरी शंभर टक्के असून सर्व विद्यार्थी धष्टपुष्ट आहेत. सबब प्रश्न उद्भवत नाही."

एकोणीस पिल्लांनी कपारीकडे पाहिलं. आत धष्टपुष्ट विद्यार्थी घोरत होते.

"गुरुजी," चिंगीने विचारलं, "म्हणजे आम्ही नाहीच का?"

गुरुजींनी अंगावरचा एक काटा उपटला, दुखलं त्यांना, आणि तो चिंगीच्या हातात दिला. पिल्लांनी डोकी एकत्र केली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. रेवूबाईने ते पान वाचलं, खाली आपली सही केली आणि सभेत नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी गवोबांनी ते वाचून दाखवलं. एक, या जंगलात शिक्षणमंत्री आहेत, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, ते काय करतात? तीन, नसल्यास, त्यांच्यावाचून पिल्लं शिकली कशी?

खडकोजीरावांनी कागद चाळले. कारकुनांनी याचं उत्तर लिहून दिलंच नव्हतं. त्यांनी खुर्ची चारही पंजांनी घट्ट धरली. सभा वाट बघत होती. रानरेड्याच्या पाठीवरून नदी ओलांडून आलेली एकोणीस पिल्लं वर प्रेक्षकांच्या फांदीवर ओळीने बसली होती.

"माहिती घेण्यात येत आहे," खडकोजीराव म्हणाले.

तीन सरकारांत त्यांनी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर. पिल्लं इतकी हसली की फांदी हलली. हसू थांबायच्या आत सभेने नवा ठराव केला, उंबराखाली बसून वाचायला बंदी. पिल्लं तिथून उठली आणि खाली वाळूत जाऊन बसली. वाळूवर बंदी घालायची समिती अजून बसायची आहे. भत्ता काय द्यायचा, यावर अडलंय.

आता तात्पर्य. हे वहीत उतरवू नका, वही कुणाला सापडली तर माझी बदली होईल. शाळा बंद करणाऱ्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असं आपण उगाच म्हणतो. शिकलेलं पिल्लू पुढे काय विचारेल हे ज्याला सगळ्यात आधी कळतं, तोच शाळा बंद करतो.