होरिगोमे काकूंच्या शटरचा निरोप समारंभ

माणसाचं एखाद्या गोष्टीवर खरं प्रेम बसायचं असेल, तर ती गोष्ट आधी बंद पडावी लागते. चालू गोष्टीवर प्रेम करणं कटकटीचं असतं. तिथे जावं लागतं, काहीतरी विकत घ्यावं लागतं आणि मालक बोलका निघाला तर त्याच्या गुडघेदुखीची चौकशीही करावी लागते. आम्हा जपानी लोकांनी ही अडचण वेळेवर ओळखली. वर्षभर रिकामी धावणारी गाडी बंद होणार असं जाहीर झालं, की तिच्या शेवटच्या फेरीला आमच्याकडे लोक दोन प्रांत ओलांडून रडायला येतात.

गुन्मातल्या आमच्या लहानशा गावाच्या बाजारपेठेने या प्रेमाला शिस्त लावली आहे. पेठेत उघड्या दुकानांपेक्षा बंद दुकानं जास्त झाल्यामुळे व्यापारी संघाने स्वतंत्र निरोप विभाग काढला. त्याचा प्रमुख मी, इसोबे चष्मेवाला. (विक्री वाढवण्यासाठीही एक विभाग होता. त्याला गेल्या वसंतात सन्मानाने निरोप देण्यात आला.) कार्यपद्धती सोपी आहे. दुकानदाराने शटरवर आभाराचा कागद चिकटवावा. शेवटच्या संध्याकाळी दारात उभं राहून कमरेत वाकावं. तो वाकलेला असतानाच शटर सावकाश खाली यावं आणि बाहेरच्या मंडळींनी "आभारी आहोत!" असं ओरडून टाळ्या वाजवाव्यात. शटर जमिनीला टेकेपर्यंत मान वर करू नये. आमच्या तोफूवाल्याने केली होती. समारंभाच्या चित्रफितीत तो शिंकतानाही दिसतो, आणि एका घराण्याची परंपरा शिंकेवर संपली.

यंदा पाळी 'गिंगा' गेम सेंटरची होती. मालकीण होरिगोमे काकू, वय सत्तरीच्या पुढे. आत नाणं टाकून खेळायची, सिगारेटचे चटके बसलेली जुनी यंत्रं, चिकटपट्टी लावलेली लाल स्टुलं आणि गिऱ्हाइकांसाठी जवाच्या थंड चहाची किटली. "दिवसभर यंत्रं आपापसात कुईकुई करतात आणि मी ऐकत बसते," काकू मला म्हणाल्या. "कुणी येतच नसेल तर लाव बाबा तुझा कागद."

कागद लागला आणि तिसऱ्या दिवशी पेठेत गाड्या लावायला जागा उरली नाही.

या गर्दीचे म्होरके होते तोक्योचे कुरामोचीसाहेब. विमा कंपनीत नोकरी आणि इंटरनेटवर जुन्या खेळांच्या आठवणी काढून रडणं हा जोडधंदा. त्यांनी 'गिंगा'चा फोटो टाकल्याबरोबर खाली 'देव-दुकान' अशा पदव्यांचा पाऊस पडला. (आमच्या इंटरनेटवर कुणालाही देवत्व मिळू शकतं. अट एकच, अंत जवळ आलेला असावा.) आमच्याकडे हसू आलं की 'गवत' लिहितात, फारच आलं तर 'माळरान', आणि टाळ्या म्हणून आठाचे आकडे ओळीने टाकतात. त्या आठवड्यात 'गिंगा'खाली इतके आठ जमले, की एवढी माणसं सबंध गुन्मा प्रांतात नसतील.

प्रत्यक्ष आलेल्यांची निरोप विभागाने शास्त्रशुद्ध पाहणी केली. निम्मे लोक यंत्राला मिठी मारून फोटो काढत होते, उरलेले निम्मे त्यांचा फोटो काढत होते, आणि खेळणारा एक होता. तो पत्ता चुकलेला कुरियरवाला निघाला. कुरामोचीसाहेबांनी डोळे पुसत कॅमेऱ्यापुढे सांगितलं, "लहानपणी वरच्या मजल्यावर, त्या गोल्डफिशच्या टाकीशेजारी, मी 'खेकडा-युद्ध' या खेळाचा राजा होतो!" 'गिंगा'ला वरचा मजला नाही. पण आठवण सच्ची असली की इमारतीने थोडं समजून घ्यायला हवं.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. पण शेवटच्या दिवशी सकाळी काकूंनी कागद फाडून टाकला.

मी धावत गेलो. "काकू, हे काय आरंभलंय?"

"अरे, एवढी माणसं येताहेत, मग बंद कशाला करू?" काकूंनी चक्क लिपस्टिक लावली होती. "मला वाटलं होतं, विसरले सगळे."

या युक्तिवादात खोट काढता येईना, म्हणून मी विभागाची तातडीची बैठक बोलावली. तोवर बाहेर बातमी फुटली होती. लोक चिडले, आणि ते रास्तच होतं. कुणी रजा टाकली होती, कुणी हॉटेल घेतलं होतं. एक बाई म्हणाली, "आमचं रडून झालंय! ते आता परत कोण देणार?" इंटरनेटवर तासाभरात देवाचा भामटा झाला, आणि गवत एवढं माजलं की गुरं सोडावीत.

काकू दारात आल्या. एवढ्याशा बाई, पण आवाज खणखणीत. "तुम्ही सगळे इथले राजे ना? मग या. 'खेकडा-युद्धा'त मला एकाने जरी हरवलं, तरी बंद करते. नाहीतर दुकान चालू."

लोकांनी कुरामोचीसाहेबांना पुढे ढकललं. साहेबांनी बाह्या सरसावल्या, डोळे मिटून बालपणाचं स्मरण केलं, आणि डोळे उघडेपर्यंत पहिल्याच खेकड्याने त्यांना खाल्लं होतं.

"बटण उजवीकडचं, साहेब," काकू म्हणाल्या. "डावीकडे राखेची वाटी आहे."

त्यानंतर आणखी काही राजे पडले. निरोप विभागाने तातडीचा ठराव केला, की आठवण आणि कौशल्य या भिन्न बाबी असून खेळता येत नाही म्हणून कुणाचा हळहळण्याचा हक्क हिरावता येणार नाही. ठरावाला टाळ्या पडल्या.

काकूंनी मात्र सगळी स्टुलं पुसली. किटलीतला चहा ओतला. "बरं, हरलात तर हरलात. बसा, मी शिकवते. सोपं आहे रे, मुलांनो."

कुणी बसलं नाही. साडेसहाची गाडी होती, आणि प्रकाश गेला तर शटर नीट टिपता आलं नसतं. काकूंनी पेल्यातला चहा परत किटलीत ओतला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, हे मी विभागप्रमुख असूनही नमूद करतो.

"इसोबे, पाड तुझं शटर," त्या म्हणाल्या.

त्या वाकल्या नाहीत. गर्दीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या आणि खेळायला लागल्या. हा पद्धतीचा उघड भंग होता. तरी लोकांनी त्याला 'देव-क्षण' ठरवलं, "आभारी आहोत!" अशी आरोळी ठोकली आणि शटर टेकण्याआधीच निम्मे स्टेशनकडे निघाले. आत खेकडे मरत असल्याचा आवाज मात्र बराच वेळ येत होता.

हे वाचून तुम्हाला गहिवर आला असेल. फार छान. तो वाया घालवू नका. तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल, त्याचा मालक या घडीला दाराकडे बघत बसला असेल. तिथे आज जायची घाई करू नका. आज गेलात तर तुम्हाला नुसतं गिऱ्हाईक म्हणतील. शटर पडताना गेलात, तर घरचा माणूस.