साळिंदरची दाढी

सलग चार दिवस दाढी करायची नाही, असा लेखी हुकूम मिळालेला कारखान्यातला तो एकटाच माणूस होता. कागदावर मालकांची सही होती, खाली शिक्का होता. तो कागद त्याने घरी नेऊन बायकोला दाखवला, कारण नुसतं तोंडी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

"मोठ्या बाई येणारेत," तो म्हणाला. "सात दुकानं आहेत त्यांची. त्यांच्यासमोर माझ्या तोंडावर ब्रश फिरवून दाखवायचाय."

"तुमच्याच तोंडावर का?"

याचं उत्तर तिलाही ठाऊक होतं. तो दाढीच्या ब्रशांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. सकाळी गुळगुळीत दाढी करून गेला, तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या गालांवर हिरवट सावली यायची आणि संध्याकाळी घरी परतेपर्यंत काटे. कारखान्यात त्याला सगळे साळिंदर म्हणत. सुरुवातीला तो चिडायचा, पुढे पुढे ओ देऊ लागला.

चौथ्या दिवशी सकाळी तो स्टोअर उघडत होता, तेव्हा फोरमन शेजारी येऊन उभा राहिला. जोडणी खात्यातला हा म्हातारा कामापुरतंच बोलायचा.

"बाईंची ऑर्डर आली नाही, तर मागची शेड बंद," फोरमन म्हणाला. "आणि शेड बंद झाली की स्टोअरलाही कुलूप."

"मग माझं काय?"

"कुलपाला स्टोअरकीपर लागत नाही." फोरमनने त्याच्या गालांकडे नीट पाहिलं. "दाढी झकास वाढलीये. फक्त हसू नकोस. तुला गुदगुल्या होतात."

गुदगुल्यांचं साळिंदरच्या लक्षातच आलं नव्हतं. मग बाईंची गाडी येईपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरा विचार शिरला नाही. सामान काढायचं काम त्याचंच होतं. नवा ब्रश, गरम पाण्याचा मग, टॉवेल आणि साबण. साबणाची वडी त्याने आदल्या दिवशीच स्टीलच्या वाटीत नीट दाबून बसवून ठेवली होती. 'हसायचं नाही, हसायचं नाही' असं पुटपुटत त्याने फळीवरची वाटी उचलली, ट्रेमध्ये ठेवली आणि तो मालकांच्या केबिनकडे निघाला.

फळीवर वाट्या दोन होत्या, हे त्याला आठवायला हवं होतं.

बाई साठीच्या होत्या. अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले, पर्स मांडीवर आणि दोन्ही हात पर्सवर. मालकांनी पुढे केलेलं सरबत त्यांनी बाजूला सरकवलं.

"गेल्या खेपेच्या ब्रशांचे केस गळत होते," त्या म्हणाल्या. "एक गिऱ्हाईक ब्रश परत घेऊन आलं. म्हणालं, दाढी करायला बसलो आणि मिशी उगवली."

मालक कसंनुसं हसले. "ते जुनं झालं, बाई. आता जोडणी नवी, केस दाट. हा ब्रश खास चेहऱ्यावर फेस करणाऱ्यांसाठी आहे. लोक वाटीत फेस घोटत बसतात आणि निम्मा फेस वाटीलाच लागून राहतो. आमच्या ब्रशावर साबण नुसता घासायचा. बाकीचं काम गालावर."

"बोलू नका. दाखवा."

साळिंदरला खुर्चीवर बसवण्यात आलं. मालकांनी त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. वडिलांनी काढलेला हा कारखाना मालक कागदांवरून चालवत. खात्यांमध्ये ते फक्त पाहुण्यांना घेऊन जात. दुसऱ्याच्या गालाला ब्रश लावायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांनी ब्रश गरम पाण्यात बुडवला, झटकला, वाटीत खसाखसा घासला आणि उजव्या गालावर गोल गोल फिरवायला सुरुवात केली.

साळिंदरने दात आवळून धरले, पायांची बोटं बुटात मुडपून घेतली. हसू आलं नाही. आला तो वास. लवंगेचा.

साबण चंदनाचा होता.

झालेलं सगळं त्याला एका क्षणात उमगलं. फळीवरची दुसरी वाटी डबे खात्याची होती. ब्रशांचे पुठ्ठ्याचे डबे चिकटवायला लागणारा सरस तिथे कढवला जाई. डब्यांवर डाग पडू नयेत म्हणून त्यात खडूची पूड घालून तो पांढरा करत आणि त्याचा वास मारू नये म्हणून लवंगेचं तेल टाकत. उरलेला सरस वाटीत थिजून बसला की थेट साबणाच्या वडीसारखा दिसे. वर्षानुवर्षं त्या वाटीवर 'सरस' अशी चिठ्ठी असायची. सोमवारी ती चिठ्ठी फाटली होती आणि नवी लावायचं काम स्टोअरकीपरचं होतं.

"पाहा फेस!" मालक म्हणाले.

आणि फेस खरोखरच येत होता. कोमट पाण्यात घोटलेल्या सरसाला असा फेस येतो, हे त्यालाही आजच कळत होतं. पांढरा, दाट, जड फेस. मालकांनी ब्रश वर उचलला की त्याचं टोक उभं राही आणि उभंच राहून जाई.

बाई पुढे झुकल्या. "बसत नाही खाली?"

"आमच्या ब्रशाचा फेस बसत नाही!"

आत्ता बोलावं? आत्ता बोललं तर सात दुकानांच्या मालकिणीसमोर मालकांची शोभा होणार आणि चूक कुणाची, हे विचारायचीही गरज पडणार नव्हती. नाही बोलावं, तर गालावर जे चाललं होतं ते चाललंच होतं. कातडी ओढली जाऊ लागली होती. वरून छताच्या पंख्याची हवा थेट तोंडावर येत होती आणि गार हवेत सरस किती लवकर धरतो, हे कारखान्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने हळूच बोट वर करून पंख्याकडे दाखवलं.

"उकडतंय?" मालकांनी प्रेमाने विचारलं आणि पंखा आणखी वाढवला.

ब्रशाचे फेरे मंदावू लागले. आधी तेलात सोडलेल्या पुरीसारखा फिरणारा ब्रश आता दलदलीत रुतलेल्या गाडीसारखा चालत होता. मालक त्याच्या कानाशी वाकले. "मान कडक का करताय? सैल सोडा."

"म्म," साळिंदर म्हणाला. उजवीकडचे ओठ आता उघडत नव्हते.

मालकांनी आणखी दोन फेरे जोर लावून मारले. मग बाईंना ब्रशाची मूठ कशी हातात बसते ते समजावून सांगायला त्यांनी हात सोडला.

ब्रश पडला नाही.

साळिंदरच्या उजव्या गालातून तो आडवा बाहेर आला होता. मालकांचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं.

"सोडला तरी पडत नाही?" बाईंनी विचारलं.

"पकड, बाई," मालक म्हणाले. "आमच्या ब्रशाची पकडच तशी आहे."

त्यांनी हसत हसत मूठ धरून ओढली. मग न हसता ओढली. मग डावा हात साळिंदरच्या कपाळावर टेकवून ओढली. त्याचा गाल चांगला बोटभर पुढे आला आणि परत गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"सरा," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा वर केला आणि मूठ स्वतःच्या हातात घेतली. एकदा ओढून पाहिली, एकदा पिळून पाहिली. तिसऱ्यांदा असा हिसका दिला, की साळिंदर खुर्चीसकट पुढे आला. मग त्यांनी ब्रशाच्या मुळाशी डोळा नेऊन बारकाईने पाहिलं. ब्रशाचा एकही केस सुटला नव्हता. सुटले होते ते साळिंदरचे.

आता मात्र त्याला राहवेना. नोकरी जायची तर जाऊ दे, गाल तरी राहावा. डावीकडच्या ओठांच्या फटीतून त्याने जीव खाऊन शब्द बाहेर काढला.

"सरस!"

मालकांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? इतक्या हालांतही तो काय म्हणतोय पाहा! सरस! बाजारातल्या कुठल्याही ब्रशापेक्षा सरस!"

"न्हाय हो! सरस! डब्यांचा! वाटी चुकली... माझी चूक!"

मालकांनी वाटी उचलली, वास घेतला आणि ते शेजारच्या खुर्चीत सावकाश बसले. बसताना त्यांनी साळिंदरकडे जे पाहिलं, ते पाहून साळिंदरला गालावरचा ब्रश परवडला.

"फोरमनला बोलवा," बाई म्हणाल्या. "गरम पाणी आणि फडकी घेऊन या म्हणावं. ओढू नका आता."

फोरमन आला. गरम पाण्यात फडकं पिळायचं, गालावर दाबायचं, निवलं की दुसरं, असं त्याने अर्धा तास चालवलं. बाई तिथेच बसून होत्या. शेवटी ब्रश सुटला. त्याच्याबरोबर गालावरचा वाटोळा तुकडाभर दाढीही गेली आणि खालून तान्ह्या मुलासारखी लालबुंद कातडी वर आली.

"बाई, खरं सांगतो, हा माणूस मुळातच..." मालकांनी सुरुवात केली.

"मला वासावरूनच कळलं होतं," बाई मध्येच म्हणाल्या. "माझे वडील पुस्तकं बांधायचे. सरसात लवंगेचं तेल तेही घालायचे."

मालक खुर्चीतून उठले. "मग... तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी ब्रश बघायला आले होते. ब्रश बघत होते." त्या उठल्या, तो धुतलेला ब्रश त्यांनी फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि दारापाशी जाऊन साळिंदरकडे वळल्या. "कळवते."

त्या 'कळवते'ने त्याचे तीन दिवस खाल्ले. मालक त्याच्याशी बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसते स्टोअरसमोरून जाताना घड्याळाकडे पाहत जात. घरी बायकोने पहिल्या संध्याकाळी त्याच्या गालावर लोणी चोळलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्टोअरमधल्या प्रत्येक वाटीवर, डब्यावर आणि बाटलीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. पाण्याच्या माठावरही 'पाणी' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी केबिनमधून बोलावणं आलं. फोरमन वाटेत उभा होता. त्याने साळिंदरच्या खांद्यावर थोपटलं. चाळीस वर्षांत त्याने कुणाला थोपटल्याचं आठवत नव्हतं, त्यामुळे साळिंदरने मनातल्या मनात स्टोअरच्या किल्ल्या परत केल्या.

मालक पत्र हातात धरून उभे होते. "सातही दुकानांसाठी," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचंही पक्कं. लिहितात, इतक्या ओढाताणीत एक केस न सोडणारा ब्रश आम्ही आजवर पाहिला नाही."

साळिंदर समोरच्या खुर्चीत मटकन बसला. ती खुर्ची मालकांची होती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पण मालकांनीही त्याला उठवलं नाही.

"एक अट आहे," मालक म्हणाले आणि त्यांनी पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

खाली बाईंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. त्याने त्या एकदा वाचल्या, मग आपल्या धड राहिलेल्या डाव्या गालावर तळहात ठेवून पुन्हा वाचल्या.

'दर शनिवारी एकेका दुकानात गिऱ्हाइकांसमोर ब्रश चालवून दाखवावा. माणूस तोच पाठवावा. साबण मात्र आम्ही आणू.'