जांभळ्या अक्षरांची वाट

भामरेनाना कॉम्प्युटरवरचं पान कधीच सरळ बंद करत नसत. ज्या वाटेने आत गेले, त्याच वाटेने एकेक पान मागे घेत पहिल्या पानावर यायचे आणि मगच खुर्ची सोडायचे. "गाडी आगारात लावल्याशिवाय उतरायचं नसतं," म्हणायचे. एसटीत कंडक्टर होते ना!

कॉलेज रोडवर माझा सायबर कॅफे होता, तेव्हाची गोष्ट. नाना दर सोमवारी यायचे आणि कोपऱ्यातलाच कॉम्प्युटर धरायचे. तिथे दुसरं कुणी असलं, तर मागे उभे राहून घसा खाकरत त्याला उठवायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, तुमच्या पानाचा पत्ता लिहून देतो, एका झटक्यात पोहोचाल." तर माझ्यावरच डाफरले, "पत्ता कशाला? वाट पायाखालची आहे." इंग्रजीशी त्यांचं फारसं जमत नसे. पण एकदा दाबलेली निळी अक्षरं जांभळी होतात, एवढं त्यांनी हेरलं होतं. जांभळं दिसेल तिथे दाबत पुढे जायचं. कुठे जातात, ते मात्र कुणाला बघू द्यायचे नाहीत.

एका सोमवारी ते बसले आणि ओरडलेच, "माझी वाट कुणी पुसली?"

व्हायरस शिरला म्हणून आदल्या दिवशी तो कॉम्प्युटर अख्खा पुसून पुन्हा भरावा लागला होता. सगळी अक्षरं निळी! त्यात भारनियमनामुळे बाराला वीज जायची होती आणि इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्तीला गेलेली. नाना निळ्या अक्षरांवरून माउस नुसताच फिरवत होते.

"पुढच्या सोमवारी शोधू," मी म्हणालो.

"मना पोऱ्या तठे शे!" एरवी शहरी बोलणारे नाना एकदम त्यांच्या गावचे, नामपूरचे झाले.

तेव्हा कुठे मला कळलं, मुलगा भांडून परदेशी गेलेला. ना फोन, ना पत्र. असंच दाबता दाबता एकदा त्याचं पान सापडलं होतं.

मी माउस घेतला. नाना आठवून सांगत होते. नाशिकचं पान, मग द्राक्षांचं, तिथून परदेशातलं मराठी मंडळ. मध्येच आम्ही भलत्याच हॉटेलात शिरलो. "रिव्हर्स घे!" नाना खेकसले. बारा वाजत आले होते. शेवटी एका नावावर दाबलं आणि फोटो वरून खाली रांगत उतरू लागला. केस आले. कपाळ आलं.

"त्याच्या आईचं कपाळ," नाना पुटपुटले.

मग हसरा चेहरा, आणि त्याखाली पाहुण्यांनी दोन शब्द लिहायची जागा.

"इथे कधी लिहिलंत?"

"नाही. स्टॉपवरून बघायचो आणि मागे फिरायचो."

त्यांनी माउस माझ्या हातातून काढून घेतला. एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधत लिहिलं, 'पोहोचलो. नाना.' ते पानावर उमटलं आणि वीज गेली.

"नाना, गाडी आगारात लावायची राहिली," मी म्हणालो.

काळ्या पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"राहू दे. आज ती तिथेच मुक्कामाला आहे."