मधमाशी (कायम)

रकाना १. पदनाम (एका शब्दात)

मधमाशी.

रकाना २. या पदापूर्वीचं काम (वीस शब्दांत)

या पदावर येण्यापूर्वी मी याच कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर बसून जन्म-मृत्यूचे दाखले देत होतो. अकरा वर्षं. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून त्याच खुर्चीवर रुजू करून घेत. अशा रीतीने त्या खुर्चीवर बारा नवखी माणसं येऊन गेली, आणि ती सगळी मीच होतो.

(वीस शब्द कधीच संपले. रकाना मोठा करून देण्यास शिपायाने असमर्थता दर्शवली आहे. पुढचं समासात लिहितो.)

आमच्या घरात ‘कायम झाल्यावर’ नावाचं एक न दिसणारं कपाट आहे. स्वतःची खोली त्यात आहे, बायकोचं अर्धवट राहिलेलं शिक्षण त्यात आहे, आणि मूलही आम्ही त्यातच ठेवलेलं आहे.

रकाना ३. पद निर्माण होण्याची कारणं

मुख्यालयाकडून एक लिंबाचं झाड आलं. ठेंगणं, गुडघ्याएवढं. सोबत ‘हरित कार्यालय’ मोहिमेचं परिपत्रक. प्रत्येक कार्यालयाने एक झाड वाढवायचं, पण मातीशिवाय. कारण माती ‘अस्वच्छता’ या सदरात मोडते आणि ‘स्वच्छ कार्यालय’ ही मोहीम आधीच सुरू होती. म्हणून मुळं झाकणाच्या टबातल्या खतपाण्यात सोडलेली, त्या पाण्यात बुडबुडे सोडणारा पंप, डोक्यावर जांभळा दिवा, आणि हे सगळं चालू आहे की नाही ते मुख्यालयाला कळवणारं नोंदयंत्र. पहिल्या हंगामात बारा लिंबं दाखवायची.

पंप, दिवा आणि नोंदयंत्र मिळून तीन प्लग लागत. अख्ख्या कार्यालयात एका जागी तीन प्लग फक्त खिडकी क्रमांक तीनपाशी होते. तिथला संगणक, प्रिंटर आणि पंखा कपाटात गेले. काचेवर पाटी लागली: ‘वाढ सुरू आहे. शांतता राखा.’ दाखल्यांचं काम खिडकी क्रमांक चारकडे वर्ग झालं. खिडकी क्रमांक चार बांधायची आहे. याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रारी घेण्याची खिडकीही तीनच होती. मी टबाशेजारी स्टुलावर बसून लोकांना “उद्या या” म्हणत असे.

फुलं आली आणि गळाली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. साहेबांनी शेतीखात्यातल्या बाईंना स्पीकरवर फोन लावला.

“झाडाला शिस्तच नाही हो, बाई. फुलतं आणि टाकून देतं.”

“खोलीत माशा आहेत का?”

“छे! दर आठवड्याला फवारणी असते.”

“मधमाशा हो! त्या नसतील तर फळ कसं धरणार? एक मऊ ब्रश घ्या आणि या फुलातला पराग त्या फुलाला लावा. दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटांचं काम! एवढं लहान काम कुणाच्याच कामात बसत नव्हतं. शिपाई म्हणाला, “पाणी मी घालीन. फुलांच्या खासगी भानगडीत मी पडणार नाही.” सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, “माझा ब्रश फरशीचा आहे.” शेवटी दोन मधमाशा मंजूर कराव्यात, असं पत्र वर गेलं. उत्तर आलं: सजीवांची खरेदी तूर्त बंद आहे, मात्र पद भरता येईल. पद एक. मधमाशी. कायम.

दाखले देणाऱ्यासाठी अकरा वर्षं पद निघालं नव्हतं.

“माशी?” बायको म्हणाली.

“मधमाशी.”

“कायम आहे का?”

“वर्षभर परिवीक्षा. मग कायम.”

“मग उडत जा आणि सही करून ये!”

रकाना ४. निवड प्रक्रिया

मुलाखतीला तिघे होते: साहेब, उपसाहेब आणि मुख्यालयातून आलेले एक गृहस्थ. टिपणं घ्यायला आस्थापना विभागाच्या बाई.

“उडता येतं?” गृहस्थांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

“ही अट शिथिल करता येईल का हो, बाई?”

“पदोन्नतीच्या वेळी बघू, असं लिहिते.”

“डंख मारता?”

“अकरा वर्षं खिडकीवर काढली, साहेब. सोसलेत. मारला नाही कधी.”

बाईंनी घसा खाकरला. “सर, एक अडचण आहे. काम करणाऱ्या माशा सगळ्या मादी असतात.”

“अस्सं? मग नर काय करतात?”

“पोळ्यात बसून खातात, सर.”

तिन्ही सदस्य क्षणभर बिस्किटांच्या ताटलीकडे बघत राहिले. मग मादी असण्याची अट एकमताने वगळण्यात आली.

रकाना ५. साध्य केलेली उद्दिष्टं

एकोणीस लिंबं धरली. उद्दिष्ट बाराचं असल्याने जादा सात हिरवी असतानाच काढून टाकली.

जांभळ्या उजेडात फोटो फार छान येतो, ही बातमी शहरभर झाली. लोक सहकुटुंब येऊ लागले. त्यांच्यासाठी दोरी बांधून रांग करण्यात आली आणि अभिप्रायाची वही ठेवण्यात आली. दाखल्यासाठी आलेल्यांनाही याच रांगेत उभं केलं जाई. रांग एकच असावी, असा नियम आहे.

रकाना ६. कर्तव्यात आलेले अडथळे

एक. वयस्क महिला.

परिवीक्षा संपायला तीन दिवस होते. रांगेतून एक आजी काचेपाशी आल्या.

“तू तोच ना रे, दाखले देणारा?”

“होतो, आजी. आता मधमाशी आहे.”

“बरं. मग गुणगुणत गुणगुणत दे की.”

“दाखला चार नंबरला मिळेल.”

“ती खिडकी बांधायचीय म्हणे.”

“हो.”

“आमचे हे जाऊन पाच महिने झाले, बाळा. कागदावर अजून आहेत. पेन्शनवाला म्हणतो, ते जिवंत आहेत ना, मग त्यांनाच सहीला पाठवा.” आजी काचेला टेकल्या. “किती वेळ लागतो असा?”

“दोन मिनिटं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

खोटं नव्हतं ते. शिक्का अजून माझ्याच खणात होता. संगणक आणि प्रिंटर हाताच्या अंतरावर कपाटात होते. पंप आणि दिवा यांचे प्लग काढायचे, दाखला छापायचा, प्लग परत लावायचे. झाडाला काहीही झालं नसतं. पण नोंदयंत्रात खंड पडला असता, मुख्यालयात लाल रेघ उमटली असती, आणि लाल रेघ आली की परिवीक्षा पहिल्यापासून.

माझा हात प्लगवर होता. तो किती वेळ होता, ते यंत्र नोंदवत नाही.

मग मी हात काढला आणि ब्रश उचलला. त्या दिवशी झाडावर एकही फूल नव्हतं. मी पानांवरून ब्रश फिरवत राहिलो.

“चालू दे तुझं काम,” आजी म्हणाल्या, आणि तरीही बराच वेळ उभ्या राहिल्या.

रकाना ७. सचोटी (उत्तम / चांगली / बरी, लागू असेल तिथे खूण करा)

उत्तम.

कायम झाल्याचा आदेश मिळाला. बारा लिंबं मुख्यालयात पोचली. ‘चव आंबट’ असा शेरा पडून चौकशी लागली आहे, परंतु चव ही मधमाशीच्या अखत्यारीत येत नाही.

घरी बायको आदेश दोनदा वाचून म्हणाली, “आता कपाटातून आधी काय काढायचं?”

“उद्या बघू.”

“हे तर खिडकीवरचं उत्तर झालं,” ती म्हणाली.

रकाना ८. या अहवालावर कुणाचा आक्षेप असल्यास

साक्षीदारासह यावं, असं खाली छापलेलं आहे. साक्षीदार शोधावे लागणार नाहीत. त्या दिवशी आजींच्या मागे पंधरा माणसं होती आणि सगळ्यांना नीट ऐकू येत होतं. वहीत त्या तारखेला पंधरा अभिप्राय आहेत: ‘सुंदर उपक्रम’, ‘मन प्रसन्न झालं’, ‘असे कर्मचारी हवेत’. आजींनाही लिहिता येत होतं, पण पेन त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

आणि “आजी, जरा बाजूला सरकता का, फोटोत येताय” असं जे कुणी म्हणालं, त्यांचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. काळजी नसावी. तुम्ही अगदी प्रेमाने म्हणाला होतात.