नंबर किती, भो?

नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो, गाव विचारतो. प्रल्हाद चौधरी चष्म्याचा नंबर विचारायचा. जळगावच्या होस्टेलात मी ट्रंक घेऊन खोलीत शिरलो, तर हा रावेरचा गडी स्वतःचा जाड काळ्या फ्रेमचा चष्मा सावरत म्हणतो, "नंबर किती, भो?" मी म्हटलं, उणे पाच. त्याने वहीत लिहून घेतलं. माझं नाव त्याने आठ दिवसांनी विचारलं.

चष्मा घालवायचं ऑपरेशन तेव्हा नवंच निघालं होतं. ते करावं की नाही, हे प्रल्हादला दिवाळीपर्यंत ठरवायचं होतं. आता माणसाने सरळ डॉक्टर गाठावा की नाही? पण नाही! "डॉक्टर एकच सांगतो भो, पोरं पन्नास सांगतात."

आणि सांगितलं की पोरांनी! सायन्सचा एक म्हणाला, बुबुळावर ब्लेडने चिरा मारतात. दुसरा म्हणाला, ब्लेड कुठलं, लेझर. धुळ्याकडचा एक तर छातीठोकपणे सांगायचा, "डोया काढतस, धुतस, आनि परत बसाडतस." मेसमध्ये कुणीतरी पुडी सोडली की नंतर सहा महिने तिखट बंद. झालं! "म्हणजे भरीत बंद?" प्रल्हादचा चेहरा उतरला. त्या दिवशी तो नुसता वरणभात जेवला, सवय करून बघायला. वहीत 'करावं' आणि 'करू नये' असे दोन रकाने होते, आणि निम्म्या पोरांची नावं दोन्हीकडे होती. माझंच मत चारदा फिरलं, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी परीक्षेच्या घाईत मी टेबलावरचा त्याचा चष्मा माझा समजून नाकावर चढवला आणि जिन्यात धडपडलो. सगळं धूसर! चष्मा काढून बघितलं, तरी तेवढंच धूसर. साधी काच होती हो ती, खिडकीला लावतात तसली.

"गाढवा, तुला नंबरच नाही!" मी ओरडलो. "मग ऑपरेशन कुणाचं?"

प्रल्हाद कॉटवर बसला. चष्मा बनियनला पुसायला लागला. "सुमीचं," तो म्हणाला. सुमी त्याची धाकटी बहीण, नंबर उणे नऊ. शाळेत पोरं चिडवायला लागली म्हणून ती चष्मा दप्तरात लपवायची. तेव्हा यानेही 'मलाही दिसत नाही' म्हणत बाजारातून चष्मा आणला. घरात दोघं चष्मेवाले झाले, की एकटीला कोण हसणार? आणि आता तिला बघायला पाहुणे आले, की आई तिचा चष्मा कणगीमागे लपवते. मागच्या खेपेला पोरगी चहा घेऊन आली आणि मुलाच्या वडिलांना सोडून जीपच्या ड्रायव्हरच्या पाया पडली. ड्रायव्हरने बिचाऱ्याने आशीर्वादही दिला. स्थळ मात्र गेलं.

मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. 

दिवाळीत त्याने मला रावेरला ओढून नेलं. ओसरीवर बसून त्याने सुमीला अख्खी वही वाचून दाखवली. चिरा, लेझर, डोळे धुणं, भरीत, सगळं. ती पोरगी शांतपणे केळीचे वेफर्स खात ऐकत होती.

"भाऊ, यातलं तुला तरी काही समजलं का?"

"नाही," प्रल्हाद म्हणाला.

"मग डॉक्टरला मीच विचारीन आणि मीच ठरवीन. पण पुढच्या पाहुण्यांसमोर मी चष्मा लावूनच येणार. कुणाच्या पाया पडते ते मला दिसायला पाहिजे." मग तिने हात पुढे केला. "आणि तू आता हा काढ. माझ्या काचेमागे डोळे बारीक दिसतात. तुझे कधीच तसे दिसले नाहीत. सातवीपासून माहीत आहे मला."

प्रल्हादने चष्मा काढून तिच्या हातात दिला. डोळे पुसले. आणि मग, एवढे स्वच्छ डोळे असून, समोरचा पाण्याचा तांब्या त्याला काही केल्या सापडेना.