काळदंश आधी मरतो

करुणाने नुसती मान हलवली आणि तेवढ्यावर तिचं भाषण ठरलं. (मान तिने सासूबाईंच्या "च्या घेतीस का?" ला हलवली होती.) सासरे मुंजाजी कळमनुरीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष. "आमची सून बी.ए. हाय. 'वीजवीर'च्या चित्रकथेची अन् सिनेमाची तुलना तीच करील," असं ते गावभर सांगूनही आले.

आता सासऱ्यांची अब्रू करुणाच्या हातात! चित्रकथा तिने पाठच केली. मग धम्मानंदच्या दुकानातून सिनेमाच्या दोन सीड्या आणल्या. कुकरच्या शिट्टीलाही दचकणाऱ्या करुणाने हाताला लागली ती मशीनमध्ये सारली आणि सोबतीला सासूबाई जनकाबाईंना बसवलं.

पहिली सीडी संपता संपताच खलनायक काळदंश ठार! लोकांनी गुलालसुद्धा उधळला. चित्रकथेत तर तो शेवटच्या पानावर मरतो. आता उरलं काय? तिने दुसरी सीडी लावली. नटांची नावं आत्ता कुठे येऊ लागली, आणि कपाळावर तोच काळा डाग घेऊन काळदंश पाळण्यात!

"काहून गं पोरी, मेलेलं माणूस पाळण्यात कसं रडून राहिलं?" जनकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आत्याबाई, मोठे दिग्दर्शक असंच दाखवतात," करुणा म्हणाली. तिचा स्वतःचा विश्वास बसेपर्यंत तिने ते दोनदा म्हटलं.

रविवारी वाचनालय गच्च भरलं. करुणाने डोळे मिटून सुरुवात केली, "चित्रकथा भित्री आहे, चित्रपट धाडसी. त्यात काळदंश आधी मरतो, मग जन्मतो, मग शाळेत जातो. दिग्दर्शकाला पुनर्जन्म..."

मुंजाजी ताठ झाले. त्यांच्या वाचनालयात बाबासाहेबांच्या फोटोखाली असलं काही चालत नसे.

"वहिनी," समोर बसलेला धम्मानंद अदबीने म्हणाला, "दोन नंबरची सीडी आदी लावली का काय?"

हसण्याने पत्रे हादरले. करुणा अशी दचकली की पाण्याचा पेला थेट सासऱ्यांच्या धोतरावर.

"म्हंजे त्यो मेल्यावर परत आलाच न्हाई?" मागून जनकाबाई कडाडल्या. "अन् मी भ्याने अंगणात एकटी जाईना झाले!"

मुंजाजी ओलं धोतर सावरत उठले. "हसू नका! पुढल्या बारीलाबी आमची सूनच बोलणार."

करुणाने सांडलेला पेला उचलला. अख्ख्या सभेत एक तरी माणूस आपल्या बाजूचा!

"फकस्त पुस्तकावर," मुंजाजी म्हणाले. "त्याची पानं तरी शिवलेली असतात."